किल्लारी : पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांपर्यंत

१८ ऑक्टोबर १९९२. ३४७ दिवस आधी.
लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातलं किल्लारी गाव हादरतं. धक्का साधारण ४ ते ४.५ रिश्टरचा. भांडी पडतात, भिंतींना तडे जातात. लोक बाहेर पळतात आणि त्या रात्री बाहेरच झोपतात.

नोव्हेंबर १९९२. दहा-अकरा महिने आधी.
धक्के थांबत नाहीत. पुढच्या वसंतापर्यंत त्यांची संख्या शंभराच्या पुढे जाते. काहींच्या आधी जमिनीतून गडगडाट ऐकू येतो. भूकंपाच्या नकाशावर हा भाग पट्टा १ मध्ये आहे, म्हणजे देशातला सगळ्यात कमी धोक्याचा. महाराष्ट्रात भूकंप म्हटलं की कोयना. १९६७ च्या तिथल्या भूकंपापासून तसंच ठरलेलं. दख्खनचा कातळ जुना आणि स्थिर, तो हलत नाही, अशी समजूत आहे.

१९९२-९३ चा हिवाळा.
अंगणात थंडी वाजते. लेकरं खोकतात. धक्के बारीक होत जातात, मग विरळ होतात. एकेक घर पुन्हा आत झोपायला लागतं. त्यासाठी कुठे बैठक होत नाही, ठराव होत नाही. अंथरूण आत नेलं जातं, एवढंच.

मे-जून १९९३. चार महिने आधी.
पावसाळ्याच्या तोंडावर माळवदाची डागडुजी होते. या भागातलं घर असं : दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती. आतला आणि बाहेरचा असे दोन थर, मधे दगडगोट्यांचा भराव. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाही. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. पाणी गळू नये म्हणून त्यावर पुन्हा पांढरी माती पडते. दर वर्षी थोडी. पिढ्या लोटतात आणि छताचं वजन वाढत जातं. उन्हाळ्यात घर गार राहतं, हिवाळ्यात उबदार. अशा घराला लोक भक्कम म्हणतात. गावकुसाला कुडाची, छपराची घरं आहेत, ती गरिबांची.

१७ सप्टेंबर १९९३. १३ दिवस आधी.
मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शाळा-कचेऱ्यांवर झेंडावंदन. ४५ वर्षांपूर्वी याच महिन्यात भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निजामाच्या राज्यात शिरली होती. तेव्हाचे जवान पाहिलेली माणसं गावागावात अजून आहेत. जवान पुन्हा येणार आहेत.

१९ सप्टेंबर. ११ दिवस आधी.
गणपती बसतात.

२९ सप्टेंबर, बुधवार, संध्याकाळी ६. उरले दहा तास.
अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या मिरवणुका निघतात. राज्यभरचे पोलीस बंदोबस्ताला. पावसाळा सरलेला नाही, माळवदांची माती ओल धरून आहे.

रात्री ११. उरले पाच तास.
ढोल, गुलाल, आरत्या. मोठ्या गावांत मिरवणुका लांबतात. लेकरं जागी, म्हातारी माणसं जागी. बाहेर झोपण्याचा विषय आता कोणी काढत नाही.

मध्यरात्रीनंतर. उरले तीन-साडेतीन तास.
माणसं घरी परततात. बाया आणि लेकरं आतल्या खोलीत, भिंतीलगत. काही गडी ओसरीवर, काही शेतातल्या आखाड्यावर राखणीला. कोण कुठे आडवं झालं, याला या क्षणी काही अर्थ नाही. दिवसभराच्या दगदगीनंतरची झोप गाढ आहे.

३० सप्टेंबर, गुरुवार, पहाटे ३. उरली ५६ मिनिटं.
मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार विसर्जनाच्या बातम्या घेत जागे आहेत. किल्लारी, तळणी, मंगरूळ, गुबाळ, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी झोपेत आहेत.

३ वाजून ५६ मिनिटं.
६ रिश्टरच्या वरचा धक्का. केंद्र जमिनीखाली फार खोल नाही, साधारण १० किलोमीटरवर. भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटतात. मधला भराव खाली येतो, त्यामागोमाग माळवदाची माती. काही घरांत लाकडी खांब उभेच राहतात, भिंती मात्र आतल्या माणसांवर येतात. कुडाची घरं हलतात आणि बहुतेक उभी राहतात.

पहाटे ४ नंतर.
मुंबईत खिडक्यांची तावदानं वाजलेली. मुख्यमंत्र्यांचा पहिला फोन जातो तो कोयनेला. केंद्र तिथे नसून किल्लारीत आहे, असं कळतं. सकाळी ते लातूरकडे निघतात.

सकाळी ६.
उजाडतं. गावात रस्ता कुठला आणि घर कुठलं, ते कळत नाही. जे आखाड्यावर होते ते गावाकडे धावत येतात आणि हातांनी माती उपसायला लागतात.

पुढचे दिवस.
पाऊस येतो. ढिगाऱ्यांचा चिखल होतो. लष्कराचे जवान गावांत शिरतात. यंत्राने उकरावं तर खाली जिवंत माणूस असू शकतं, म्हणून बरंचसं काम फावड्यांनी आणि हातांनी. कुठे खणायचं, हे त्या रात्रीच्या अंथरुणांवरून ठरतं. ओसरीवर कोण होतं? आतल्या खोलीत किती जण? उत्तरं वाचलेल्या माणसाकडून मिळतात. काही घरांत उत्तर द्यायलाच कोणी उरलेलं नसतं. पडलेल्या घरांच्या तुळया आणि दारं सरणासाठी लागतात. एका चितेवर अनेक देह ठेवले जातात.

पाचवा दिवस. मंगरूळ.
आता जिवंत कोणी सापडेल, ही आशा जवळपास संपली आहे. एक जोडपं लष्कराच्या अधिकाऱ्याकडे येतं. त्यांची १८ महिन्यांची मुलगी घराखाली आहे. निदान देह तरी काढून द्या, एवढीच विनंती. हातात काम पुष्कळ आहे आणि एका तान्ह्या मुलीचा देह काढल्याने हिशेबात फरक पडणार नाही. लेफ्टनंट कर्नल सुमीत बक्षी नाही म्हणत नाहीत. ढिगाऱ्यातून वाट करून ते स्वतः आत सरपटतात. वरची माती कधीही बसू शकते. मुलगी हाती लागते. ती जिवंत असते.

हिशेब.
सरकारी आकड्यानुसार मृत ७,९२८. जखमी सुमारे १६,०००. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नव्याने वसवली गेली. २००२ मध्ये भूकंपाचा नकाशा बदलला. पट्टा १ रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर पट्टा ३ मध्ये गेला.

बक्षी पुढे लष्करातून निवृत्त झाले. ती मुलगी मोठी झाली, शिकली आणि त्यांना भेटली. वर्षभर आलेल्या शंभर इशाऱ्यांवर कोणाला निर्णय घेता आला नव्हता. ढिगाऱ्याजवळ केलेल्या त्या एका विनंतीवर तो तिथल्या तिथे घेतला गेला. मंगरूळ परिसरात भूकंपाची गोष्ट निघाली की आधी गेलेल्यांची नावं येतात, आणि मग फौजेची.