गुंडाळती दोरी बसवताय? जास्त ताणू नका!

गच्चीवर कपडे वाळत घालायला मी गुंडाळती दोरी आणली. मोजायच्या टेपसारखीच असते ती: ओढली की बाहेर, सोडली की डब्यात. पहिल्याच रविवारी आईने ओल्या चादरी टाकल्या आणि डबा प्लास्टरसकट खाली! चादरी पुन्हा मीच धुतल्या.

चूक माझीच. झोळ दिसू नये म्हणून दोरी गिटारच्या तारेसारखी ताणली होती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित, पण आठवलं उशिरा. दोन टोकांत ४ मीटर अंतर, मधोमध ५ किलोची ओली चादर. दोरी ४० सेंमी झुकली तर प्रत्येक टोकाला साधारण १३ किलोची ओढ बसते. १० सेंमीच झुकू दिली तर तीच ओढ ५० किलो! चादर तीच, भिंतीवरचा ताण जवळपास चौपट.

म्हणून थोडा झोळ राहू द्या. नकोच असेल तर मध्ये एक भक्कम आधार द्या.

दुसऱ्यांदा डबा थेट आरसीसी कॉलमवर बसवला. हॅमर ड्रिलने भोक पाडलं, आतली धूळ फुंकून काढली (धूळ राहिली तर पकड येत नाही) आणि प्लास्टिकच्या गिट्टीऐवजी लोखंडी अँकर फास्टनर ठोकले. आतली स्प्रिंग फक्त दोरी गुंडाळते, वजन पेलत नाही. त्यामुळे डब्याच्या खुंटीला वेढे घट्ट मारायला विसरू नका.

ओली दोरी आत सोडू नका, स्प्रिंग गंजते. आधी फडक्याने पुसा. आणि सोडताना टोक हातातच धरा, नाहीतर हूक सटकन येऊन बोटावर बसतो.