चौदा संघांचे बिऱ्हाड पाठीवर

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये अख्खी कारकीर्द एकाच संघाकडून खेळणाऱ्या खेळाडूंची नावे तिथल्या क्रीडाप्रेमींना तोंडपाठ असतात. संघामागून संघ बदलत राहणाऱ्यांच्या वाट्याला असे भाग्य सहसा येत नाही. एडविन जॅक्सन हा उजव्या हाताचा पिचर त्याला अपवाद ठरला, तोही नेमका संघ बदलण्याच्याच विक्रमामुळे. २००३ ते २०१९ या १७ हंगामांत तो तब्बल १४ संघांकडून खेळला. लीगमध्ये एकूण संघ ३० आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या भ्रमंतीचा आवाका कळतो.

१५ मे २०१९ रोजी टोरांटो ब्लू जेजच्या वतीने तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध मैदानात उतरला आणि ऑक्टाव्हियो डोटेलचा १३ संघांचा विक्रम मागे पडला. कारकीर्दीअखेर त्याच्या नावावर १०७ विजय आणि १३३ पराभव होते. प्रत्येक ९ डावांमागे दिलेल्या धावांची त्याची सरासरी ४.७८ होती. हॉल ऑफ फेमच्या दिशेने जाणारे हे आकडे नव्हेत. तरीही या खेळाचा व्यवसाय आतून कसा चालतो, हे समजून घेण्यासाठी अनेक महान खेळाडूंपेक्षा जॅक्सनची कारकीर्द अधिक उपयोगी पडते.

'जर्नीमन' म्हणजे कोण?

अशा खेळाडूला अमेरिकेत 'जर्नीमन' म्हणतात. शब्दाच्या रूपावरून त्याचा संबंध प्रवासाशी असावा असे वाटते, पण तो आला आहे 'दिवस' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून. उमेदवारी पूर्ण झालेला, मात्र स्वतःचे दुकान नसलेला आणि रोजंदारीवर काम करणारा कारागीर, असा त्याचा मूळ अर्थ. खेळाच्या मैदानावरही तोच अर्थ लागू पडतो. जर्नीमन कच्चा खेळाडू नसतो. त्याला काम येते, म्हणूनच त्याला बोलावणे येते. पण संघाची उभारणी त्याच्याभोवती होत नाही. क्रिकेटमधले जवळचे उदाहरण द्यायचे तर ऑस्ट्रेलियाचा अॅरन फिंच आयपीएलमध्ये ९ संघांकडून खेळला होता.

विसाव्या वाढदिवशी पदार्पण

जॅक्सनच्या आयुष्यात स्थलांतर जन्मापासूनच होते. ९ सप्टेंबर १९८३ रोजी तत्कालीन पश्चिम जर्मनीतील नॉय-उल्म येथे त्याचा जन्म झाला. वडील अमेरिकी लष्करात होते आणि त्यांची नेमणूक तिथे होती. पुढे जॉर्जिया राज्यातील कोलंबस शहरात तो वाढला. २००१ मध्ये लॉस एंजलिस डॉजर्सने त्याची सहाव्या फेरीत निवड केली.

मेजर लीगमधील त्याचे पदार्पण एखाद्या चित्रपटात शोभावे असे झाले. ९ सप्टेंबर २००३ रोजी, म्हणजे ऐन विसाव्या वाढदिवशी, तो अॅरिझोना डायमंडबॅक्सविरुद्ध उभा राहिला. समोर होता ५ वेळा साय यंग पुरस्कार पटकावणारा रँडी जॉन्सन. डॉजर्सने तो सामना ४-१ असा जिंकला आणि विजय जॅक्सनच्या नावावर लागला. डॉजर्सला भविष्यातील हुकमी पिचर गवसला, असे मानले जाऊ लागले.

पुढची २ वर्षे मात्र त्या अपेक्षांना उतरती कळा लागली. वेग होता, पण चेंडूवर ताबा राहत नव्हता. जानेवारी २००६ मध्ये डॉजर्सने त्याला टॅम्पा बे डेव्हिल रेजकडे धाडले. तिथे २००७ च्या हंगामात त्याची कामगिरी ५ विजय व १५ पराभव अशी राहिली. पण २००८ मध्ये त्याच संघाने (आता नाव केवळ रेज) वर्ल्ड सिरीजपर्यंत मजल मारली, तेव्हा जॅक्सनने १४ विजयांचा वाटा उचलला. एवढे करूनही डिसेंबर २००८ मध्ये त्याची डेट्रॉइट टायगर्सकडे रवानगी झाली. २००९ मध्ये तो टायगर्सकडून ऑल-स्टार संघात निवडला गेला आणि हंगाम संपताच, त्याच डिसेंबरात, ३ संघांमधील मोठ्या देवाणघेवाणीत अॅरिझोनाला गेला.

खेळाडूच्या मर्जीचा प्रश्न

या बदल्यांमध्ये खेळाडूची इच्छा विचारली जात नाही, ही बाब भारतीय वाचकांना काहीशी विचित्र वाटेल. मेजर लीगमध्ये करार संघाच्या मालकीचा मानला जातो. संघ तो दुसऱ्या संघाला देऊन त्या बदल्यात खेळाडू अथवा पैसे घेऊ शकतो. या पद्धतीला कर्ट फ्लड या खेळाडूने आव्हान दिले होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने त्याला फिलाडेल्फियाला पाठवले, तेव्हा त्याने जाण्यास नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. १९७२ मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. डिसेंबर १९७५ मधील एका लवाद निर्णयानंतर मात्र खेळाडूंना मुक्त होण्याचा मार्ग खुला झाला. आता मेजर लीगमध्ये ६ वर्षांची सेवा पूर्ण झालेला आणि करार संपलेला खेळाडू आपला संघ निवडू शकतो.

बदली नाकारण्याचा हक्कही आहे. पण त्याची अट कडक आहे. एकूण १० वर्षांची सेवा हवी आणि त्यातील शेवटची ५ वर्षे एकाच संघात गेलेली हवीत. सतत बदली होणाऱ्याला ही अट कधीच पूर्ण करता येत नाही. ज्याला या संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्याच्यापासूनच ते सर्वाधिक दूर राहते. जॅक्सनला कोणत्याही एका संघात सलग ५ वर्षे कधीच मिळाली नाहीत.

१४९ चेंडूंची रात्र

२५ जून २०१० ची रात्र हा जॅक्सनच्या कारकीर्दीचा कळस. अॅरिझोनाकडून खेळताना त्याने टॅम्पा बे रेज या आपल्याच जुन्या संघाला त्यांच्याच मैदानावर एकही 'हिट' घेऊ दिला नाही. बेसबॉलमध्ये अशा कामगिरीला 'नो-हिटर' म्हणतात आणि अनेक थोर पिचरांनाही ती आयुष्यभर साधत नाही.

मात्र ही कामगिरी निर्दोष मुळीच नव्हती. त्याने ८ फलंदाजांना 'वॉक' बहाल केले, त्यातले ७ पहिल्या ३ डावांतच. तिसऱ्या डावात एकही गडी बाद नसताना तिन्ही बेस भरलेले होते, तरीही त्याने धाव दिली नाही. सर्वसाधारणपणे पिचरला १०० चेंडूंच्या आसपास थांबवले जाते. जॅक्सनने त्या रात्री १४९ चेंडू टाकले आणि सामना १-० असा जिंकला. उणिवांसकट नेटाने उभे राहणे हा त्याच्या एकंदर कारकीर्दीचाच गुण त्या एका सामन्यात दिसला.

या पराक्रमानंतर जेमतेम ५ आठवड्यांनी, ३० जुलै २०१० रोजी, अॅरिझोनाने त्याला शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन टाकले.

एका दिवसात ३ संघ

२७ जुलै २०११ हा दिवस तर बदल्यांच्या इतिहासात नोंदला जावा असा. सकाळी जॅक्सन व्हाइट सॉक्सचा होता. त्या संघाने त्याला टोरांटो ब्लू जेजला दिले आणि टोरांटोने त्याच दिवशी त्याला कार्डिनल्सकडे वळवले. टोरांटोची जर्सी त्याला अंगात घालताही आली नाही. ती घालण्याचा योग ८ वर्षांनी आला आणि त्याच जर्सीने त्याला १४ व्या संघाचा विक्रम मिळवून दिला.

कार्डिनल्सने २०११ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. अंतिम मालिकेतील चौथा सामना जॅक्सनने सुरू केला होता. तो संघाने गमावला, पण ७ सामन्यांच्या त्या मालिकेअखेर विजेतेपद कार्डिनल्सकडे आले आणि जॅक्सन जगज्जेत्या संघाचा सदस्य ठरला.

स्थैर्य मिळाले, पण…

२०१२ चा हंगाम वॉशिंग्टन नॅशनल्सकडे काढल्यावर शिकागो कब्जने त्याच्याशी ४ वर्षांसाठी ५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. भटकंती संपली, असे वाटण्याजोगा हा क्षण होता. प्रत्यक्षात याच काळात त्याची सर्वाधिक घसरण झाली. २०१३ मध्ये तो १८ सामने हरला. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये एवढे पराभव दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आले नाहीत. २०१४ मध्ये धावांची सरासरी ६.३३ वर गेली. जुलै २०१५ मध्ये कब्जने त्याला मोकळे केले.

येथून पुढे त्याच्या प्रवासाचे अर्थकारण बदलले. करारमुक्त केलेल्या खेळाडूचे उर्वरित वेतन जुन्या संघालाच द्यावे लागते आणि नव्या संघाला त्याला किमान वेतनावर घेता येते. अटलांटा, मायामी आणि सॅन दिएगो येथे जॅक्सन पोहोचला तो या व्यवस्थेमुळे. आधी संघ त्याच्यावर मोठी गुंतवणूक करीत; आता त्याला घेण्यात त्यांना फारशी जोखीम नव्हती.

मागणी कशाला होती?

इतके पराभव पदरी असूनही १४ संघांना तो हवासा का वाटला, याचे उत्तर त्याच्या उपलब्धतेत आहे. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि सामना सुरू करणारे पिचर साधारणतः ५ असतात. दर पाचव्या दिवशी खांदा आणि कोपर शाबूत ठेवून उभा राहणारा माणूस दुर्मिळ असतो. २००७ ते २०१३ या सलग ७ हंगामांत जॅक्सनने दर वर्षी किमान ३१ सामन्यांची सुरुवात केली. शिवाय ताशी १५० किलोमीटरहून अधिक वेग होता. त्यामुळे थोडी दिशा मिळाली तर हा पिचर चमकेल, अशी आशा प्रत्येक नव्या प्रशिक्षकाला वाटत राहिली.

ती आशा शेवटी एकदा फळलीही. २०१८ मध्ये ओकलंड अॅथलेटिक्सचे अनेक पिचर जायबंदी झाले होते. जूनमध्ये संघात आलेल्या जॅक्सनने १७ सामन्यांत ६ विजय मिळवले आणि धावांची सरासरी ३.३३ राखली. त्या वर्षी ओकलंडने बाद फेरी गाठली. ३५ व्या वर्षी केलेली ही कामगिरी त्याच्या सर्वोत्तम हंगामांशी तुलना करण्याजोगी होती.

अखेरचा टप्पा

२०१९ मध्ये टोरांटो आणि पुन्हा डेट्रॉइट असा प्रवास करून त्याची मेजर लीगमधील वाटचाल थांबली. खेळाने मात्र त्याला आणखी एक संधी दिली. कोरोनामुळे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकसाठी अमेरिकेच्या संघात त्याची निवड झाली. अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला २-० असे हरवले आणि जॅक्सनच्या खाती रौप्यपदक जमा झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये, ३९ वा वाढदिवस होताच, त्याने निवृत्ती जाहीर केली.

१४ संघांचा विक्रम आता त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये डावखुरा पिचर रिच हिल वयाच्या ४५ व्या वर्षी कॅन्सस सिटी रॉयल्सकडून खेळला आणि त्याने जॅक्सनची बरोबरी केली. या दोघांची नावे शेजारी ठेवली, की जर्नीमन या शब्दाचा खरा अर्थ लक्षात येतो. १३ संघांनी सोडले, ही गोष्टीची एक बाजू. त्यानंतरही चौदाव्याने बोलावले, ही दुसरी.

जॅक्सनचे १४ संघ

लॉस एंजलिस डॉजर्स : २००३-०५
टॅम्पा बे रेज : २००६-०८
डेट्रॉइट टायगर्स : २००९, २०१९
अॅरिझोना डायमंडबॅक्स : २०१०
शिकागो व्हाइट सॉक्स : २०१०-११
सेंट लुईस कार्डिनल्स : २०११
वॉशिंग्टन नॅशनल्स : २०१२, २०१७
शिकागो कब्ज : २०१३-१५
अटलांटा ब्रेव्हज : २०१५
मायामी मार्लिन्स : २०१६
सॅन दिएगो पाद्रेज : २०१६
बाल्टिमोर ओरिओल्स : २०१७
ओकलंड अॅथलेटिक्स : २०१८
टोरांटो ब्लू जेज : २०१९