दूरशिक्षणात विद्यार्थ्याचे समाधान कशावर अवलंबून?

गंगापूर धरणाच्या परिसरात मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १ जुलै १९८९ रोजी झाली. संस्थापक कुलगुरू प्रा. राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली आकारास आलेल्या या विद्यापीठाचे ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे. नोकरी, शेती वा संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ही व्यवस्था उभी राहिली. असा विद्यार्थी रोज वर्गात बसत नाही. त्यामुळे तो शिक्षणाबाबत समाधानी आहे किंवा नाही, हे सहजासहजी कळत नाही. नाराज झाला तरी तो मोर्चा काढत नाही; पुढील वर्षी प्रवेश घेत नाही, इतकेच. म्हणूनच समाधानाचे घटक तपासणे मुक्त शिक्षणात अधिक निकडीचे ठरते.

अपेक्षा आणि अनुभव

ग्राहकवर्तनाचे अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडलेल्या विचारानुसार, समाधान हे अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्या तुलनेतून निर्माण होते. हा विचार शिक्षणालाही लागू पडतो. 'घरबसल्या पदवी' एवढेच ऐकून प्रवेश घेणाऱ्याला स्वयं-अध्ययनाचे कष्ट जाचक वाटतात. याउलट, आठवड्याला किती तास वाचन करावे लागेल याची पूर्वकल्पना असलेला विद्यार्थी त्याच पुस्तकांवर समाधानी असू शकतो.

संवादाचे तीन धागे

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये तीन प्रकारचे संवाद सांगितले : विद्यार्थ्याचा पाठ्यसामग्रीशी, शिक्षकाशी आणि सहाध्यायांशी. मुक्त विद्यापीठात पहिला धागा स्वयं-अध्ययन पुस्तकांतून जुळतो. उर्वरित दोन धागे प्रामुख्याने अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रांवर अवलंबून असतात. सत्रे नियमित नसतील, तर उत्तम पुस्तक हाती असूनही विद्यार्थी एकाकी पडतो. गृहपाठावर गुणांसोबत दोन ओळींचा अभिप्राय मिळाला, तरी आपल्याकडे कुणाचे लक्ष आहे, ही भावना बळावते.

कार्यालयीन कामकाज

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये नोकरीतील समाधान आणि असमाधान यांची कारणे वेगवेगळी असल्याचे दाखविले. कार्यालयीन व्यवस्था चोख असल्याने कुणी आनंदित होत नाही, मात्र ती बिघडली की नाराजी उफाळते. वेळेवर न मिळालेले पुस्तक, नाव चुकलेले प्रवेशपत्र वा रखडलेला निकाल यांचे परिणाम असेच असतात. नोकरदार विद्यार्थ्याला त्यासाठी रजा घेऊन फेऱ्या माराव्या लागल्या, तर बुडालेली रोजंदारी हीही शिक्षणाची किंमत ठरते.

पदवीचे मोल

आपल्या पदवीला नोकरीच्या बाजारात मान मिळेल का, ही दूरशिक्षण घेणाऱ्यांची जुनी चिंता आहे. मान्यताप्राप्त संस्थांतून मुक्त, दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने घेतलेल्या पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानल्या जातील, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. तथापि, समाजाची नजर केवळ परिपत्रकाने बदलत नाही.

समाधान म्हणजे गुणवत्ता नव्हे

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, अर्थात 'नॅक'ने, २०१७ मधील सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाला स्थान दिले. अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, अंतर्गत मूल्यमापन निःपक्षपाती होते का, असे प्रश्न त्यात होते. अशा सर्वेक्षणांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. सोपी परीक्षा आणि सढळ गुण यांनीही विद्यार्थी खूश होतात. शिवाय, शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्यांचे मत त्यात बहुधा येतच नाही. खरे दोष तर त्यांनाच ठाऊक असतात.

प्रवेशापूर्वी विद्यार्थ्यांनी संबंधित शिक्षणक्रमाची मान्यता, जवळचे अभ्यासकेंद्र, संपर्कसत्रांचे वेळापत्रक आणि एकूण शुल्क यांची खातरजमा करणे हिताचे. पुढील निराशेची बरीचशी कारणे तेथेच दूर होऊ शकतात.