हायड्रॉलिक क्लच

हायड्रॉलिक क्लच ही मोटारीच्या क्लच पेडलवरील पायाचा दाब तारेऐवजी द्रवामार्फत क्लचपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा होय. पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रवाला नळीतून गिअरबॉक्सजवळील स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलतो आणि तेथील दट्ट्या रिलीज बेअरिंग सरकवून क्लच प्लेट मोकळी करतो. बहुतेक गाड्यांत यासाठी डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचा ब्रेकचाच द्रव वापरतात. गॅरेजमध्ये त्याला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हटले जात असले, तरी तो तेल नसून ग्लायकॉल-ईथर वर्गातील द्रव आहे. हा नावाचा घोळ निरुपद्रवी नाही. टाकीत खनिज तेल ओतल्यास रबरी सील फुगून निकामी होतात.

हवा शिरल्याची लक्षणे

द्रव दाबाने जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र आकसते. त्यामुळे पेडलची काही चाल बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडते व क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल मऊ लागते, गिअर घालताना खरखर होते. रिव्हर्स गिअरला अनेक गाड्यांत सिंक्रोमेश नसल्याने तक्रार तेथे आधी जाणवते.

हवा काढणे (ब्लीडिंग)

या कामास सहसा दोन माणसे लागतात. स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक भांड्यातील द्रवात बुडवतात. एकाने पेडल सावकाश दाबून धरल्यावर दुसरा निपल सैल करतो. द्रव व बुडबुडे बाहेर पडले की निपल आधी घट्ट केला जातो आणि मगच पेडल सोडले जाते. हा क्रम चुकल्यास हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत ही कृती करतात. दरम्यान टाकीतील पातळी खाली जाऊ न देणे आवश्यक असते. काही गाड्यांत ही टाकी ब्रेकशी सामाईक असते. सांडलेला द्रव रंग खराब करतो, म्हणून तो लगेच पाण्याने धुतात. काढलेला द्रव पुन्हा वापरत नाहीत.

दोषनिदान

हवा काढूनही काही दिवसांत पेडल पुन्हा मऊ झाल्यास गळती शोधावी लागते. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचा आतील सील झिजलेला असण्याची शक्यता अधिक. गिअरबॉक्सच्या आत बसवलेला स्लेव्ह सिलिंडर गळू लागल्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे दुरुस्ती महाग पडते. इंजिनाचा वेग वाढूनही गाडी वेग घेत नसेल, तर दोष हवेचा नसून बहुधा झिजलेल्या क्लच प्लेटचा असतो.