पाळण्यांचा आलेख आणि बुटीबोरी



नागपूरहून वर्धा रोडनं निघालं की तीसेक किलोमीटरवर बुटीबोरी लागते. एमआयडीसीच्या शेड, ट्रकच्या रांगा, कामगारांनी भरलेल्या भाड्याच्या खोल्या. इथे येत्या दहा वर्षांत किती मुलं जन्मतील? अंगणवाड्या किती, शाळेच्या खोल्या किती, हे त्यावरच ठरतं ना! मग कुणी म्हणतं, मागचे आकडे घ्या, दहावीतलं वर्गसमीकरण बसवा, पुढचं उत्तर तयार. इतिहास या उपायाबद्दल काय सांगतो, ते आज बघू.

शंभर वर्षं मागे जाऊ. बुटीबोरीचा हा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता. गावातल्या जन्म-मृत्यूची खबर कोटवार पोलीस ठाण्यात द्यायचा आणि दर दहा वर्षांनी जनगणना व्हायची. आजच्या भारताच्या सीमा धरल्या, तर १९०१ मध्ये लोकसंख्या २३.८४ कोटी, १९११ मध्ये २५.२१ कोटी आणि १९२१ मध्ये २५.१३ कोटी. म्हणजे आधी १.३७ कोटींची वाढ, मग आठ लाखांची घट.

या तीन आकड्यांवर वर्गसमीकरण बसवलं तर काय होतं? आधीच्या दशकापेक्षा बदल १.४५ कोटींनी खाली आला, तर पुढच्या प्रत्येक दशकात तो तितकाच खाली येणार, असं ते गृहीत धरतं. उत्तर येतं, १९३१ मध्ये २३.६० कोटी, १९४१ मध्ये २०.६२ कोटी. प्रत्यक्षात मोजले गेले २७.९० आणि ३१.८७ कोटी!

गणित चुकलं नव्हतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं देशात एक कोटीहून जास्त बळी घेतले. त्यातही वीस ते चाळीस वयाची माणसं जास्त गेली, त्यामुळे पुढच्या वर्षी पाळणेही कमी हलले. समीकरणाला साथ कळत नाही. एकदा बसलेला तडाखा त्यानं कायमचा नियम मानला.

आता अलीकडचं उदाहरण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलं १९९२-९३ मध्ये २.८६ होती, २००५-०६ मध्ये २.११ आणि २०१९-२१ मध्ये १.७१. यांतून वक्ररेषा काढली तर मधली वर्षंही ती बऱ्यापैकी सांगते. २०१५-१६ साठी ती म्हणते १.७९, सर्वेक्षणात आले १.८७. ठीक आहे. पण हीच रेषा २०२५ च्या सुमारास तळ गाठून वर वळते आणि २०५७ च्या आसपास पुन्हा २.८६ वर पोचते! का? आयांनी काही ठरवलं म्हणून नाही. वर्गसमीकरणाची रेषा कधीतरी वळतेच, म्हणून.

म्हणजे हे साधन टाकाऊ का? नाही. हातातल्या आकड्यांमधल्या गाळलेल्या जागा भरायला ते चांगलं आहे. त्या आकड्यांच्या पलीकडे फार लांब गेलं, की फसवतं.

बुटीबोरीत आणखी एक गंमत आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार बाळ जिथे जन्मतं, तिथे त्याची नोंद होते. इथली बाई नागपूरच्या मेडिकलमध्ये बाळंत झाली तर नोंद नागपुरात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली तर नोंद माहेरच्या गावात. बाळ मात्र दोन-तीन महिन्यांनी बुटीबोरीच्या खोलीत परत येतं आणि तीन वर्षांनी इथल्याच अंगणवाडीच्या दारात उभं राहतं. आता फक्त इथल्या जन्मनोंदींवर रेषा ओढली, तर त्या बाळाची खुर्ची कोण मोजणार?

म्हणून आधी अंगणवाडी सेविकेची घरोघरची वही बघायची, समीकरण नंतर.

जाता जाता एक काम सांगतो. तुमचा स्वतःचा जन्मदाखला काढा आणि त्यावर गाव कोणतं आहे ते बघा. तुम्ही वाढलात तेच आहे का? आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!