खडकीची वॉर सिमेट्री आणि वैमानिकांचे स्मरण : एक दृष्टिक्षेप

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चिखलोली-अंबरनाथ परिसरालगत 'कल्याण कॅम्प' ही मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांचे पुनर्वसन झाले आणि १९४९ मध्ये या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे नगर झाले. परंतु त्या काळात पश्चिम भारतात मृत्यू पावलेल्या परदेशी सैनिकांचे व वैमानिकांचे स्मरण कोठे राहिले, याचे उत्तर पुण्याजवळील खडकी येथे शोधावे लागते.

खडकीची वॉर सिमेट्री रणभूमीवर उभारलेली नाही. पश्चिम व मध्य भारतात विखुरलेल्या, कायम निगा राखणे शक्य नसलेल्या थडग्यांतील अवशेष येथे एकत्र आणण्यात आले. येथे दुसऱ्या महायुद्धातील राष्ट्रकुलीय सैन्यदलांची १,६६८ थडगी आहेत. १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून पहिल्या महायुद्धातील ६२९ सैनिकांचे अवशेषही येथे हलविण्यात आले. मृत सैनिकाला मायदेशी न नेता सेवेच्या प्रदेशातच विसावा द्यावा आणि स्मरणात पदानुसार भेद करू नये, ही १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धथडगी आयोगाची तत्त्वे होत. त्यामुळे ब्रिटिश वायुदलातील मृतही येथे भूदलाच्या सैनिकांशेजारी विसावले आहेत.

अमेरिकेचे धोरण याहून भिन्न होते. भारतातून चीनकडे रसद नेताना हिमालयाच्या पूर्व भागात अनेक अमेरिकन वैमानिक मृत्युमुखी पडले. तथापि युद्धानंतर अमेरिकेने आपल्या मृतांचे अवशेष भारतातून हलविले. चीनमधील नानजिंग येथील विमानवीर स्मारकात मात्र चिनी, अमेरिकन, सोव्हिएत व कोरियन वैमानिकांची नावे एकत्र कोरलेली आहेत.

भारतीय वैमानिकांची स्थिती आणखी वेगळी आहे. हिंदू व शीख मृतांवर अग्निसंस्कार होत असल्याने त्यांची थडगी नसतात. त्यांचे स्मरण नामावलीतच होते. दक्षिण व पूर्व आशियातील मोहिमांत बेपत्ता झालेल्या राष्ट्रकुलीय वैमानिकांची नावे सिंगापूर येथील स्मारकावर आहेत, तर अविभाजित भारताच्या २५,००० हून अधिक सैनिकांचे स्मरण दिल्ली व कराची येथील स्मारकांत केले आहे.

यावरून असे दिसते की, एखाद्या दफनभूमीत कोणत्या राष्ट्राची किती थडगी आहेत, यावरून त्या राष्ट्राच्या बलिदानाचे मोजमाप करता येत नाही. तेथील उपस्थिती व अनुपस्थिती शासकीय धोरण आणि अंत्यसंस्काराच्या परंपरा यांनी ठरते. म्हणून स्थानिक युद्धेतिहासाच्या अभ्यासकाने थडग्यांइतकेच नामावल्यांकडेही लक्ष देणे अगत्याचे ठरते.