हैदराबादचा प्रश्न आणि काही इंग्रजी शब्द

गेल्या पावसाळ्यात जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांशी बोलण्याचा योग आला. माझा विषय होता अणुऊर्जा. व्याख्यान संपल्यावर इंग्रजीच्या बाईंनी एका मुलाची वही माझ्यापुढे ठेवली. वहीत दोन रकाने आखलेले होते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. ‘व्हेटो’ म्हणजे नकाराधिकार, ‘ट्रीटी’ म्हणजे तह, ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, असे पानभर. खाली एक वाक्य भाषांतरासाठी दिले होते: ‘द काउन्सिल रिमेन्स सीझ्ड ऑफ द मॅटर’. मुलाने लिहिले होते, ‘परिषदेने ते प्रकरण जप्त करून ठेवले आहे.’

बाई म्हणाल्या, “सर, हे चूक आहे एवढं कळतं, पण बरोबर काय ते सांगता येत नाही.”

खरे तर मुलाचा काही दोष नव्हता. शब्दकोशात ‘सीझ’चा पहिला अर्थ जप्त करणे, पकडणे असाच सापडतो. ‘सँक्शन’ची गोष्टही तशीच. कर्ज सँक्शन झाले म्हणजे मंजूर झाले; आणि एखाद्या देशावर सँक्शन्स लादली म्हणजे त्याच्याशी व्यापार तोडला. एकच शब्द परवानगीचाही आणि शिक्षेचाही. आपण विज्ञान शिकवणाऱ्यांना हे नवीन नाही. डोक्यावर पोते घेऊन तासभर उभ्या राहिलेल्या हमालाने भौतिकशास्त्राच्या व्याख्येनुसार त्या पोत्यावर काहीच ‘कार्य’ केलेले नसते, हे वर्गात सांगितले की पोरे हसतात. ‘रिझोल्यूशन’ हा शब्द माझ्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत वापरतात, न्यूयॉर्कमध्ये ठरावासाठी. पारिभाषिक शब्दाचा अर्थ कोशात कमी आणि तो ज्या नियमात बसवला आहे त्या नियमात जास्त असतो.

मग नियम शिकवायचे कसे? युनोची सनद म्हणजे तिथली चार्टर, तिची कलमे पाठ करून घेणे हा एक मार्ग आहे आणि तो कंटाळवाणा आहे. त्या दिवशी परतताना जालन्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत असताना माझ्या मनात आले, की ज्या प्रकरणात हे सगळे शब्द एकापाठोपाठ एक कामाला लागले आणि प्रत्येक शब्दावरून वाद झाला, असे एक प्रकरण याच मातीतले आहे. १९४८ साली सुरक्षा परिषदेपुढे आलेला ‘हैदराबादचा प्रश्न’.

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. १९४८ मध्ये जालना हे औरंगाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही मराठी जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४१ च्या शिरगणतीनुसार संस्थानाची लोकसंख्या होती सुमारे १ कोटी ६३ लाख. इंग्रज गेले तेव्हा निजामाने ना भारतात सामील होण्याचे मान्य केले ना पाकिस्तानात. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी एक वर्षाचा ‘स्टँडस्टिल अ‍ॅग्रीमेंट’ झाला. मराठीत त्याला ‘जैसे थे करार’ म्हणतात. मूळ इंग्रजीपेक्षा हे नाव मला जास्त बोलके वाटते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांची इंग्रजांच्या काळातली व्यवस्था तूर्त तशीच चालू ठेवायची, असा त्याचा आशय. वर्ष पुरे व्हायच्या आतच त्याचे तीन तेरा वाजले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता, रझाकारांचा उच्छाद गावोगाव वाढत होता, आणि भारताने आर्थिक नाकेबंदी केली आहे अशी हैदराबाद सरकारची तक्रार होती.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद सरकारने सुरक्षा परिषदेला तार केली. सनदेच्या कलम ३५, पोटकलम २ चा आधार घेऊन. हे पोटकलम सांगते की जे ‘स्टेट’ युनोचे सदस्य नाही, तेही आपला वाद परिषदेच्या नजरेस आणू शकते. अट एवढीच, की तो शांततेने मिटवण्याची बंधने त्याने आधी मान्य केली पाहिजेत. सारा प्रश्न या ‘स्टेट’ शब्दावर येऊन थांबला. हैदराबाद हे ‘स्टेट’ होते का?

इंग्रजीत विचारले तर होते. कागदोपत्री नावच ‘हैदराबाद स्टेट’. पण तसे सांगलीही ‘स्टेट’ होते, औंधही. मराठीत आपण तीन वेगळे शब्द वापरतो. हैदराबाद हे संस्थान, महाराष्ट्र हे राज्य, फ्रान्स हे राष्ट्र. इंग्रजी तिन्हींना ‘स्टेट’ म्हणते आणि संदर्भावरून ओळखायला सांगते. संस्थानची सरकारी भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सर्व विषय उर्दूतून शिकवत, त्यासाठी इंग्रजी ग्रंथांचे भाषांतर करणारे ‘दारुल तर्जुमा’ नावाचे मोठे खाते होते, आणि परिभाषा घडवण्याचे त्याचे काम आजही अभ्यासण्यासारखे आहे. त्या उर्दूत संस्थानालाही ‘रियासत’ म्हणतात आणि सार्वभौम राष्ट्रालाही ‘रियासत’च. म्हणजे तार ज्या दोन भाषांत विचार करून लिहिली गेली असेल, त्या दोन्हींत हा फरक शब्दातून दिसत नव्हता. प्रजेतल्या मराठी माणसाला मात्र तो बोलता बोलता कळत होता. शब्दामुळे निजामाची भूमिका ठरली असे मला म्हणायचे नाही. ती ठरली होती सत्तेच्या हिशेबाने. पण ती मांडायला शब्दाने जागा करून दिली, एवढे खरे.

हैदराबादचा युक्तिवाद असा, की इंग्रजांची अधिसत्ता १९४७ च्या कायद्याने संपली, तेव्हा निजाम स्वतंत्र झाला. भारताचे म्हणणे, की हैदराबाद आंतरराष्ट्रीय अर्थाने ‘स्टेट’ कधी नव्हतेच. त्यामुळे त्याला तक्रार करण्याचा अधिकार नाही आणि हा भारताचा अंतर्गत मामला आहे. सनदेच्या कलम २, पोटकलम ७ प्रमाणे ‘डोमेस्टिक ज्युरिसडिक्शन’, म्हणजे देशाच्या घरातल्या कारभारात युनोला हात घालता येत नाही. भारताची बाजू मांडणारे होते सर ए. रामस्वामी मुदलियार. गंमत अशी, की २६ जून १९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोत सनदेवर भारताच्या वतीने सही करणारेही हेच मुदलियार, आणि त्या दिवशी भारत स्वतः पारतंत्र्यात होता! त्याआधीच्या राष्ट्रसंघाचा, म्हणजे ‘लीग ऑफ नेशन्स’चाही तो स्थापनेपासून सदस्य होता. ‘स्टेट’ची व्याख्या मुळातच किती सैल होती याचा याहून चांगला दाखला वर्गात देता येणार नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १५ तारखेला औरंगाबाद पडले. जालन्याच्या बाजूला काही प्रतिकार झाला, पण टिकला नाही. दुसऱ्याच दिवशी, १६ सप्टेंबरला, पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेची बैठक भरली. अध्यक्ष ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन. तेव्हा परिषदेचे सदस्य ११ होते (१५ झाले ते १९६५ पासून). मतदान झाले ते ‘अजेंडा’वर, हा विषय कार्यक्रमपत्रिकेत घ्यावा की नाही एवढ्यावरच. ८ मते बाजूने पडली, विरोधात एकही नाही, आणि सोव्हिएत युनियन, युक्रेन व चीन या तिघांनी ‘अ‍ॅब्स्टेन’ केले. विषय घेतला याचा अर्थ हैदराबादला ‘स्टेट’ मानले असा मात्र होत नव्हता. तो प्रश्न पुढच्यासाठी मोकळाच ठेवला गेला.

इथे मुलांना दोन गोष्टी दाखवाव्यात. ‘अ‍ॅब्स्टेन’ला आपली वर्तमानपत्रे ‘तटस्थ राहिले’ म्हणतात. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला, कोणाच्याच बाजूचा नसलेला. मत न देणारा तसा असेलच असे नाही. त्याला बाजू असते, फक्त या क्षणी ती नोंदवायची नसते. दुसरी गोष्ट ‘व्हेटो’ची. हा लॅटिन शब्द, अर्थ ‘मी मनाई करतो’. सनदेत तो कुठेही नाही. तिथे कायम सदस्यांची ‘सहमतीची मते’ आवश्यक आहेत एवढेच म्हटले आहे, आणि कार्यपद्धतीच्या प्रश्नांवर तीही लागत नाहीत. अजेंडा हा कार्यपद्धतीचाच प्रश्न. म्हणून त्या दिवशी रशियाने विरोधात मत दिले असते तरी विषय अडला नसता. नुसते ‘नकाराधिकार’ पाठ केलेल्या मुलाला हे कळण्याचा मार्ग नाही.

१७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली. तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. २२ तारखेला त्याने तक्रार मागे घेत असल्याची तार युनोला पाठवली. ती त्याने मोकळेपणाने पाठवली का, अशी शंका परिषदेतल्या काहींनी काढली. मे १९४९ मध्ये पाकिस्तानच्या आग्रहावरून पुन्हा चर्चा झाली. २४ मेची बैठक शेवटची ठरली. ठराव कोणताच झाला नाही. पण परिषदेने विषय संपल्याचेही कधी म्हटले नाही, त्यामुळे ‘हैदराबादचा प्रश्न’ हे शब्द परिषदेपुढील विषयांच्या यादीत पुढे कित्येक दशके छापले जात राहिले. ‘सीझ्ड ऑफ द मॅटर’ म्हणजे हे. प्रकरण परिषदेच्या दप्तरी दाखल आहे, त्यावर बोलण्याचा तिचा हक्क चालू आहे. ती त्यावर काही करते आहे असे मात्र नाही. मी बाईंना पत्राने कळवले, की ‘परिषद या प्रकरणाची दखल घेऊन आहे’ असे लिहावे.

उरला एक शब्द, आणि तो सर्वांत अवघड. लष्कराने या मोहिमेला नाव दिले होते ‘ऑपरेशन पोलो’. सरकारने म्हटले ‘पोलीस अ‍ॅक्शन’. मराठवाड्यात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आजही हाच शब्द आहे. ‘अ‍ॅक्शनच्या साली’ असे म्हणून जन्म, लग्ने, दुष्काळ मोजतात. माझी आजीही तसेच मोजत असे, आणि लहानपणी मला वाटे की त्या साली पोलिसांनी काहीतरी पराक्रम केला असावा. प्रत्यक्षात होते ते मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखालचे चिलखती दल, रणगाडे आणि विमाने. मग पोलीस कशाला? याचे उत्तर वरच्याच कलमांत आहे. हैदराबाद ‘स्टेट’ असेल तर सीमा ओलांडणे हे आक्रमण, आणि ते परिषदेच्या कक्षेत येते. ते ‘स्टेट’ नसेल तर हा घरातला बंदोबस्त, आणि घरातला बंदोबस्त पोलीस करतात. एक शब्द मान्य केला की दुसरा आपोआप येतो.

ही युक्ती भारताने शोधलेली नव्हती. जुलै १९४७ मध्ये डचांनी इंडोनेशियात सैन्य घातले आणि त्याला ‘पोलीस कारवाई’ असेच नाव दिले. त्या वेळी ते प्रकरण ऑस्ट्रेलियासोबत सुरक्षा परिषदेत नेणारा देश होता भारत, आणि परिषदेने १ ऑगस्टला लढाई थांबवायला सांगितली. दोन्ही घटना सारख्या होत्या असे मी मानत नाही. एका ठिकाणी वसाहत टिकवायची होती, दुसऱ्या ठिकाणी प्रजेचा मोठा भाग भारतात यायला उत्सुक होता. पण नाव तेच होते. पुढे जून १९५० मध्ये कोरियात अमेरिकन सैन्य उतरले तेव्हा याला युनोची ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणता येईल का, असे एका वार्ताहराने विचारले आणि अध्यक्ष ट्रुमन यांनी होकार दिला. ते युद्ध तीन वर्षे चालले.

आपल्याकडे लढाई पाच दिवसांत संपली. त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले ते या नावाखाली अधिकच झाकले गेले. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड म्हणून अनेक गावांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशांच्याही. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने, अगदी हात राखून, २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद आणि नांदेड हे सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत होते. त्यांच्या खालोखालच्या जिल्ह्यांत औरंगाबाद, म्हणजे तेव्हाचा जालनाही त्यात आला. तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१३ मध्ये. त्याच घटनेला मराठीत मुक्तिसंग्राम म्हणतात आणि हैदराबादी उर्दूत ‘सुक़ूत-ए-हैदराबाद’, हैदराबादचे पतन. जालन्यातल्या एकाच वर्गात या दोन्ही घरांतली मुले शेजारी शेजारी बसतात.

बाईंना मी त्या पत्रात आणखी एक सुचवले होते. वहीत तिसरा रकाना आखावा आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणी, कोणत्या बैठकीत, कशासाठी वापरला ते लिहावे. त्यांचे उत्तर आले. ‘स्टेट’पाशीच दोन तास गेले म्हणे, उर्दू शाळेतून आलेल्या एका मुलीने ‘रियासत’चे दोन्ही अर्थ फळ्यावर लिहून दाखवले, आणि ‘पोलीस अ‍ॅक्शन’पुढचा रकाना मुलांनी अजून रिकामा ठेवला आहे, घरी विचारून येतो म्हणाली आहेत.